आजाऱ्याची शुश्रूषा

वंदना झाली म्हणजे धम्म आटोपला असे मानू नका. विनयपिटकात अतिसाराने मलमूत्रात लोळणाऱ्या एका भिक्खूची हकिगत आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हते! तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची करावी, असे मग त्यांनी संघाला बजाविले.

आपल्या वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचे डॉक्टर गोहीन यांनी परक्या मुलखातील रोग्यांची शुश्रूषा केली. १९१९ साली येथेच जन्मलेला त्यांचा पुत्र १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. त्यांचा धर्म निराळा. म्हणून कामाचे मोल घटत नाही.

वाडीत अंथरुणाला खिळलेला, परतफेड न करू शकणारा कोण आहे? आजच्या वंदनेनंतर दोघांनी तरी त्याच्या दारी जावे.