नवा संगणक आणि बंद पडणारा गेम
(यवत येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फलकावरचा विषय वाचून पुढच्या रांगेतली काही ज्येष्ठ मंडळी एकमेकांकडे बघून हसली, ते मी पाहिलं. ऊस, पाणी, आरोग्य यांवर व्याख्यानं व्हायची तिथं आज गेमवर? पण मागच्या बाकांवरची पोरं वेळेआधी येऊन बसलीत, आणि त्यांच्यातल्या काहींच्या घरी वडिलांनी उसाच्या बिलातून घेऊन दिलेला संगणक आहे. तो गेम लावला की दहाव्या मिनिटाला बंद पडतो. वडील म्हणतात, खेळू नकोस म्हणजे बंद पडणार नाही. या सल्ल्यावर आधी बोलू, कारण तो वाटतो तितका बरोबर नाही.

कंपनी तयार संगणक विकते तेव्हा तो खोक्यात जाण्याआधी कारखान्यात चालवून, ताण देऊन पाहिलेला असतो. तुम्ही पुण्याहून सुटे भाग आणून घरी असेंबल करता, किंवा दुकानदार करून देतो, तेव्हा ही चाचणी कुणीच केलेली नसते. विंडोज चालू झालं, डेस्कटॉप दिसला, की बिल फाडलं जातं. प्रत्येक भाग नवा असतो, पण ते एकत्र नांदतात का, हे अजून कुणी पाहिलेलं नसतं. तुमचा पहिला मोठा गेम म्हणजे ती राहून गेलेली चाचणी. तेव्हा गेमला शिव्या देऊ नका. आज गेम बंद पाडणारा दोष उद्या तुमच्या प्रोजेक्टची फाइल बिघडवू शकतो, आणि तेव्हा तो असा ओरडून सांगणार नाही.

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामाला येते, तो दिवस आठवा. एरवी पुरणारं पाणी, रस्ता, वीज आणि घराघरातल्या चुली एका संध्याकाळी एकदम कामाला लागतात. पिठलं-भाकरी करणाऱ्या हातांना उसंत नसते. वर्षभर न कळलेला कच्चा दुवा त्या दिवशी कळतो. गेम सुरू झाला की संगणकात तेच होतं: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड आणि वीज पुरवणारा एसएमपीएस एकाच क्षणी धावू लागतात. ग्राफिक्स कार्ड तर क्षणभर नेहमीपेक्षा खूप जास्त वीज ओढतं. म्हणून २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशी अट आहे, की एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार शंभर मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. कॅबिनेटसोबत स्वस्तात आलेल्या आणि अंगावर ५०० वॅट लिहिलेल्या डब्याकडून ही अपेक्षा ठेवू नका. साठ-सत्तर हजारांच्या संगणकात लोक नेमके इथेच दोन हजार वाचवतात.

आता बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं? मी पोरांना विचारतो तर एकच शब्द येतो, ‘क्रॅश’. तेवढ्यानं भागत नाही. गेम मिटून डेस्कटॉपवर येता, की निळा पडदा येतो, की लाइट गेल्यासारखा संगणक फटकन बंद होतो? की पडदा काळा होतो पण आवाज चालूच राहतो? फटकन बंद होणं बहुधा विजेकडे बोट दाखवतं. काळा पडदा आणि मागे चालू आवाज हे ग्राफिक्सकडे: कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा चालू करून पाहतं, आणि ते जमलं नाही की असा प्रकार होतो. नुसता गेम मिटला तर संशय जास्त जणांवर जातो, आणि तोच प्रकार सर्वांत छळतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. त्यात ‘पॉवर’ शब्द बघून कित्येकजण नवा एसएमपीएस आणतात. ती नोंद एवढंच सांगते, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा चालू झाला. का, ते सांगत नाही. त्याआधी ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची नोंद असेल तर मात्र थांबा आणि नीट वाचा. ती हार्डवेअरनं स्वतः केलेली तक्रार असते.

ही माझ्या हातातली मेमरीची पट्टी बघा. डीडीआर-५. खोक्यावर ६००० छापलंय. बोर्डात बसवलीत तर ती बहुधा ४८०० किंवा ५६०० वर चालू होते, आणि ६००० साठी बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हा मेमरीच्या वेगाचा पर्याय चालू करावा लागतो. खोक्यावरचा आकडा हा पट्टी बनवणाऱ्याचा शब्द आहे. तुमच्या प्रोसेसरनं आणि बोर्डानं तो शब्द दिलेला नाही. त्या वेगावर इंटरनेट बघायला काही अडत नाही, गेम मात्र पडू शकतो. म्हणून माझा पहिला सल्ला फुकटातला आहे: बायॉसमध्ये जाऊन सगळं मूळ पदावर आणा, एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि दोन दिवस तसाच खेळा. पडायचं थांबलं तर चोर सापडला. चार खाचा असतील आणि पट्ट्या दोन, तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. पट्टी बसली की कडेचं कुलूप ‘टक’ असं वाजतं. हा आवाज ऐकल्याशिवाय हात काढू नका. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट घालून रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती पुरेशी आहे, इथं पासिंगचे मार्क नसतात.

आणखी एक, जरा अडचणीचं. फुकटात उतरवलेला गेम पडतो म्हणून संगणकाला दोष देऊ नका. त्या दाबून भरलेल्या फायली उघडताना काय तुटलं, काय राहिलं, त्याचा कुणालाच पत्ता नसतो. चाचणीसाठी तरी गेम सरळ मार्गाचा असू द्या.

माणसानं तपास कसा करावा, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण गणितातलं आहे. अमेरिकेत लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे प्राध्यापक होते. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते बऱ्याच संगणकांवर करत होते. मार्च १९९४ मध्ये त्यांनी त्यात इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा नवाकोरा संगणक घेतला, आणि जूनमध्ये उत्तरं जुळेनात. मोठ्या कंपनीच्या नव्या प्रोसेसरवर संशय घेणं सोपं नव्हतं. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग कंपायलर, मग बोर्ड, आणि दुसऱ्या यंत्रांवर तीच गणितं करून पाहिली. एकेक संशयित सुटत गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी इतरांना लिहून कळवलं, की पेंटियम भागाकार चुकतो. पुढे सगळीकडे गाजलेलं उदाहरण म्हणजे ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७. उत्तर १.३३३८२ यायला हवं, पेंटियम सांगायचा १.३३३७३. डिसेंबरमध्ये इंटेलनं मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा खर्च धरला. नाइसलींनी जून ते ऑक्टोबर एकावेळी एकच गोष्ट बदलली. आपली पोरं एका संध्याकाळी ड्रायव्हर बदलतात, विंडोज नव्यानं टाकतात, पट्ट्या हलवतात आणि बायॉसही अपडेट करतात. पडायचं थांबलं तरी कशामुळे थांबलं हे कळत नाही, आणि महिन्यानं पुन्हा सुरू झालं की पाटी कोरी. एक वही घाला. तारीख, काय बदललं, काय झालं. बस.

आता आपल्या गावाचं. मोटारी चालू असताना व्होल्टेज कसं खाली येतं, आणि डीपीवर भार वाढला की पंखा कसा रडतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. चांगल्या एसएमपीएसला तेवढ्या चढउताराचं काही वाटत नाही, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलंच असतं. त्याला सोसत नाही ते विजेचं क्षणभर खंडणं. वीज गेल्यावर तो साधारण बारा ते सतरा मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेचा एक फेरासुद्धा पुरता नाही. घरचा इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ मोडवर असेल तर त्याला बॅटरीवर जायला याहून जास्त वेळ लागू शकतो. टीव्हीला ते चालतं, संगणक रिस्टार्ट होतो. बहुतेक इन्व्हर्टरला मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असतं आणि ते कुणी दाबलेलं नसतं. दुसरी गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर गेम बाजूला ठेवा आणि वायरमनला बोलवा. तिसरी पिन नुसती शोभेला असलेली घरं अजून पुष्कळ आहेत.

उन्हाळ्याचं विचाराल तर आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यानं गेम रेंगाळतो, पडतो क्वचित. कूलरच्या तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहिला असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी अलीकडचं प्रकरण. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरवर अनरियल इंजिनचे गेम चालू होतानाच पडायचे, आणि पडद्यावर यायचं की ग्राफिक्स मेमरी संपली. कार्डावर मेमरी भरपूर असायची. साहजिकच लोकांनी दोष कार्डाला दिला. प्रत्यक्षात गेमच्या दाबलेल्या फायली उलगडताना प्रोसेसरच चुकत होता, आणि त्या चुकीच्या आकड्यांवरून गेम भलताच निष्कर्ष काढत होता. जुलै २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं, की सदोष मायक्रोकोडमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमुळे, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टपासून दुरुस्त्या येत गेल्या, त्या बायॉस अपडेटमधून मिळतात, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण जो प्रोसेसर आधीच झिजलाय तो अपडेटनं बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. इथं कुणी त्या पिढीचा संगणक वापरत असेल, आणि तो सेकंडहँड घेतलेला असेल तर विशेषच, त्यानं आज घरी जाऊन बायॉसची तारीख बघावी. त्याहून नवं बायॉस आलेलं असेल तर गेम लावण्याआधी अपडेट करावं, आणि ते चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडावी. बदलून घ्यायची वेळ आली तर दुकानदार पक्कं बिल मागतो, खोक्यावरचा सीरियल नंबर मागतो. पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की घर आवरताना ती खोकी रद्दीवाल्याला देऊ नका.

पोरांनो, आता तुमच्या संगणकांची लक्षणं सांगा. नावं नकोत, फक्त काय होतं आणि कधी होतं ते.