शिक्षणाचा बाजार आणि शासनाचा बडगा

(वरणगाव येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वरणगावच्या आयुध निर्माणीतील कामगार असो की शिवारात केळी-कापूस पिकवणारा शेतकरी, मुलाला इंजिनियर वा डॉक्टर करण्यासाठी तो भविष्य निर्वाह निधी मोडतो, प्रसंगी जमीन गहाण टाकतो. त्याच्या या आकांक्षेवरच शिक्षणाचा बाजार उभा आहे.

हा बाजार शासनानेच मांडला. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. जागा वाढल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण खर्चाचे ओझे सरकारी तिजोरीवरून पालकाच्या पाठीवर गेले. देणगीच्या गोंडस नावाखाली प्रवेश विकले जाऊ लागले, तेव्हा १९८७ साली त्याच राज्याने कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा केला. परंतु पावतीवाचून झालेला व्यवहार सिद्ध करणार कोण? देणाऱ्याला प्रवेश हवा, घेणाऱ्याला पैसा. तक्रारदार उरतच नाही.

कर्नाटकात तर शासनाने अधिसूचना काढूनच दर ठरवले होते: सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, परराज्यातील विद्यार्थ्याला ६०,०००. मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कॅपिटेशन फीच असल्याचे सांगून ती समतेच्या हक्काचा भंग ठरवली. २००५ च्या इनामदार निकालातही नफेखोरी निषिद्धच राहिली. निकाल आले, बाजार चालूच राहिला.

फसवणुकीची परिसीमा छत्तीसगडात झाली. तेथील २००२ च्या कायद्याच्या आधारे शंभरावर खाजगी विद्यापीठे निघाली. कित्येकांना स्वतःची इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर २००५ साली न्यायालयाने ती रद्द केली. निर्णय योग्यच होता. पण प्रवेश घेऊन बसलेल्या मुलांचे काय? त्यांना जुन्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची व्यवस्था करा, हेही न्यायालयालाच सांगावे लागले. परवानगी शासनाची, नफा चालकांचा, वाया गेलेले वर्ष मात्र विद्यार्थ्याचे!

बोगस विद्यापीठांची कथा निराळी नाही. अनुदान आयोग दरसाल त्यांची यादी छापतो. पण खोटे विद्यापीठ चालवणाऱ्यास १९५६ च्या कायद्याने ठेवलेला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपयांचा! असा बडगा चालकाला लागत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: तपासणी प्रवेशाआधी व्हावी, महाविद्यालय बंद पडल्यास शुल्क परत करण्याची व मुलांची सोय लावण्याची जबाबदारी चालक आणि शासन या दोघांवर असावी, आणि सरकारी महाविद्यालयांतील जागा वाढाव्यात, कारण खरा उपाय तोच आहे.

तोवर दहावी-बारावीचे निकाल लागताच प्रत्येक शाखेने गावात बसावे. संस्थेला मान्यता आहे काय, विद्यापीठाची संलग्नता चालू आहे काय, शुल्क नियामक प्राधिकरणाने किती शुल्क ठरवले आहे, हे पालकाबरोबर तपासावे आणि पावतीवाचून एक पैसाही देऊ नये, असे त्याला बजावावे. फसलेल्याचे सांत्वन करण्यापेक्षा एक घर फसण्यापासून वाचवणे, हे अधिक मोलाचे पक्षकार्य आहे.