संगणकाची मालकी कोणाची?

(‘बॉस’ या भारतीय लिनक्स प्रणालीच्या नव्या आवृत्तीच्या निमित्ताने झाशी येथील मराठी भाषकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबवली. पुढची आवृत्ती चालवायची तर यंत्रात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या काळातला प्रोसेसर असला पाहिजे, अशी कंपनीची अट आहे. शाळा, पतपेढ्या, कामगार संघटनांची कार्यालये आणि लहान दुकाने यांतील असंख्य संगणक ही अट पुरी करू शकत नाहीत. त्यांचे पडदे उजळतात, कळफलक चालतात, कामही होते. परंतु दूरच्या एका कचेरीतील निर्णयाने ते निकामी होण्याच्या वाटेला लागले. कारखान्यातले यंत्र झिजले म्हणजे मोडीत निघते. इथे यंत्र झिजलेलेच नाही.

या पार्श्वभूमीवर ‘बॉस’ या नावाकडे पाहिले पाहिजे. ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स’ हे तिचे संपूर्ण नाव. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, या सरकारी संस्थेच्या चेन्नई शाखेने ही लिनक्स प्रणाली तयार केली. पहिली आवृत्ती २००७ साली निघाली, आणि ‘प्रज्ञा’ या नावाची दहावी आवृत्ती २०२४ साली. ती विनामूल्य मिळते, तिच्या प्रती काढता येतात आणि ती भारतीय भाषांत चालावी हा तिचा घोषित हेतू आहे. मग सतरा वर्षांत दहा आवृत्त्या निघूनही ती झाशीच्या शाळेत, सोलापूरच्या पतपेढीत किंवा बेळगावच्या ग्रंथालयात सहसा का दिसत नाही? आजच्या विवेचनाचा हाच विषय आहे.

कार्यप्रणाली ही संगणकाची कारभारी असते. पडद्यावर अक्षर कसे उमटावे, कागद छपाईयंत्राकडे कसा जावा, कोणाला आत घ्यावे आणि कोणाला अडवावे, हे सारे ती ठरवते. साहजिकच कारभारी ज्याच्या हुकमतीत, त्याच्या हाती घर. नायरा एनर्जी या कंपनीचे गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरणाचे प्रचंड संकुल आहे. तिचे सुमारे ४९ टक्के भाग रशियाच्या रोसनेफ्टकडे असल्यामुळे १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या टपालासह इतर सेवा रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या, शुल्क भरलेल्या ग्राहकाचे दप्तर परदेशी निर्बंधापायी बंद पडू शकते, एवढा धडा या प्रसंगाने दिला.

परावलंबनाचा हा अनुभव देशाला नवा नाही. परकीय भागभांडवल कमी करण्याची अट मान्य नसल्यामुळे आयबीएम कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी उपक्रमाने अंगावर घेतली. पुढे अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास खळखळ केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. भाषेच्या क्षेत्रातील काम तर या झाशीच्या शेजारी सुरू झाले. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकाची जडणघडण झाली, तेथूनच ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅककडे आले. म्हणजे कौशल्याचा तुटवडा येथे कधीच नव्हता.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने मालकीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला झाला. हा परवाना चार अधिकार देतो: कार्यक्रम हव्या त्या कामासाठी चालवणे, त्याची मूळ आज्ञावली वाचून तीत बदल करणे, प्रती वाटणे आणि सुधारलेली प्रतही वाटणे. त्यासोबत एक बंधन येते. जो कोणी सुधारलेली प्रत दुसऱ्याला देईल त्याने तेच चार अधिकार पुढे दिले पाहिजेत. सामुदायिक श्रमातून उभे राहिलेले धन कोणा एकाच्या कोठारात कुलूपबंद होऊ नये, यासाठी कायद्याचीच केलेली ही तजवीज आहे.

नक्कल करण्याच्या अधिकाराचे मोल झाशीला तरी सांगायला नको. १८५७ च्या उठावात उत्तरेत सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात या शहरात होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रह इतका समृद्ध होता की काशीच्या पंडितांनाही दुर्मिळ ग्रंथाची नक्कल करून नेण्यासाठी येथे यावे लागे, असे त्यांनी नोंदवले आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली आणि लुटीत हा संग्रह नष्ट झाला. ज्या ग्रंथांच्या नकला बाहेर गेल्या होत्या त्यांना मरण नव्हते; ज्यांची एकच पोथी होती तिच्याबरोबर तिच्यातले ज्ञानही गेले. एकाच ठिकाणी, एकाच धन्याच्या ताब्यात ठेवलेल्या ज्ञानाची गत अशी असते.

आता ‘वितरण’ आणि ‘नवी आवृत्ती’ म्हणजे काय, ते पाहू जाता येईल. लिनक्सचा गाभा एकटा काही कामाचा नसतो. त्याच्याभोवती लेखनाचे, हिशेबाचे, चित्रांचे, जाळे न्याहाळण्याचे हजारो कार्यक्रम एकमेकांशी जुळवून बसवावे लागतात. या जुळणीला वितरण म्हणतात. ‘बॉस’ ही जुळणी ‘डेबियन’ या वितरणावर आधारलेली आहे, आणि डेबियन हे १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक चालवीत आहेत. सुमारे दोन वर्षांनी ते सर्व कार्यक्रमांच्या नव्या प्रती गोठवतात, महिनोन् महिने दोष शोधतात आणि मग आवृत्ती जाहीर करतात. सुरक्षेतील भोके बुजवण्याचे काम काही वर्षे चालते, नंतर जुनी आवृत्ती निवृत्त होते. निवृत्ती येथेही आहे. फरक असा की नव्या आवृत्तीसाठी पैसे पडत नाहीत, आणि जुनी यंत्रे चालती ठेवायची की नाही हे कोणा कंपनीच्या विक्रीखात्यावर अवलंबून राहत नाही. हलक्या मांडणीची लिनक्स प्रणाली दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरही बहुधा चालते.

भाषेच्या संदर्भात आवृत्तीचा अर्थ अधिक बोचरा आहे. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पडद्यावर नवी वाक्ये येतात: नव्या सूचना, नवे इशारे, नव्या याद्या. त्यांचे मराठी कोणी केले नाही, तर काल पूर्ण मराठीत असलेला पडदा आज अर्धा इंग्रजी होतो. अनुवाद हे एकदा बांधून संपणारे धरण नव्हे. ते दरवर्षी नांगरावे लागणारे शेत आहे. सरकारी प्रकल्पाची मुदत संपली, माणसे पांगली, की त्या शेतात तण माजते.

त्यात मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत. मराठी आणि हिंदी एकाच देवनागरीत लिहिल्या जातात आणि युनिकोडमध्ये दोन्हींची अक्षरे एकाच कोष्टकातून घेतली जातात. परंतु ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्राने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणे प्रमाण ठरवली. अक्षराचा सांकेतिक क्रमांक तोच, वळण मात्र भाषेप्रमाणे वेगळे. संगणकाला ‘हा मजकूर मराठी आहे’ असे सांगितले आणि अक्षरसंचात दोन्ही वळणे असली, तरच योग्य वळण उमटते. झाशीतल्या मराठी कुटुंबाच्या संगणकावर भाषा हिंदी ठेवलेली असेल, तर मराठी पत्रही हिंदी वळणात छापून निघेल. याहून महत्त्वाची बाब आडव्या रफाराची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्यांत एका चिन्हाने अर्थ पालटतो. पहिला शब्द गुरूंना वंदन करतो, दुसरा स्वयंपाक्यांना बोलावतो. हिंदीला या चिन्हाची गरज नाही. म्हणून ते नीट उमटते की नाही, याची चौकशी हिंदी वापरणारा करणार नाही. ती मराठी वापरणाऱ्यानेच केली पाहिजे. बंदिस्त प्रणालीत या चुकीबद्दल अर्ज करून वाट पाहावी लागते. मुक्त प्रणालीत चूक कोणालाही दुरुस्त करता येते, मात्र त्यासाठी कोणीतरी पुढे यावे लागते.

या ‘कोणीतरी’मध्येच सारे मर्म आहे, आणि ते दोन राज्यांच्या अनुभवांतून स्पष्ट होते.

पहिला अनुभव उत्तर प्रदेशाचा. मार्च २०१३ पासून राज्य सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले. सुमारे १५ लाखांची ही योजना होती. त्या यंत्रांत विंडोजच्या जोडीला उबुंटू हे लिनक्स वितरणही बसवलेले होते. म्हणजे एवढ्या प्रचंड संख्येने मुक्त प्रणाली विद्यार्थ्यांच्या हाती पडण्याची व्यवस्था झाली होती. परंतु वाटपाच्या जोडीला पाठ्यपुस्तक आले नाही, प्रशिक्षित शिक्षक आले नाहीत, परीक्षेतही त्याला स्थान मिळाले नाही. चर्चा झाली ती निराळ्याच गोष्टीची. पडद्यावर मुख्यमंत्री आणि त्यांचे वडील यांची छायाचित्रे होती, आणि ती काढू गेल्यास यंत्र बिघडते, अशा बातम्या त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापल्या. ज्या यंत्राच्या पडद्यावरचे चित्रही विद्यार्थ्याला निर्धास्तपणे बदलता येत नाही, ते त्याचे कसे म्हणावे? मुक्त प्रणाली दिली गेली. मुक्तपणा डिस्कच्या एका कोपऱ्यात पडून राहिला.

दुसरा अनुभव केरळचा. २००१ साली तेथे तिरुवनंतपुरम येथे मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानच्या भारतीय शाखेचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास शाळांतून संगणकशिक्षण सुरू होत होते. अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या उत्पादनाभोवती बांधला जात आहे, असा आक्षेप शिक्षक संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी घेतला आणि शाळा टप्प्याटप्प्याने मुक्त प्रणालीकडे वळल्या. शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण मिळाले, पाठ्यपुस्तके मुक्त प्रणाली धरून लिहिली गेली, दहावीच्या परीक्षेत विषयाला जागा मिळाली. ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०१९ साली १८.०४ क्रमांकाची आवृत्ती काढली, तेव्हा ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी होती आणि परवाना-शुल्कात ३,००० कोटी रुपये वाचतील असा हिशेब मांडण्यात आला. तिचा आधार असलेल्या उबुंटूची मुदत सरत आली, तसे २२.०४ आवृत्तीचे काम पुढे आले. तेथे नव्या आवृत्तीची वाट पाहणारे वर्ग आहेत, चुका कळवणारे शिक्षक आहेत. म्हणूनच आवृत्तीला अर्थ आहे.

दोन्ही ठिकाणी प्रणाली जवळपास तीच. अंतर पडले ते संघटित वापराने. परवाना केवळ अधिकार देतो, तो अधिकार बजावणारी माणसे देत नाही. शंभर एकर जमीन कसणाऱ्यांच्या नावावर झाली, पण बैल, बी आणि पाणी नसले, तर सातबारा कपाटात राहतो आणि सावकार पुन्हा दारात येतो. ‘बॉस’च्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. सी-डॅकने सातबारा तयार केला. कसणारे जमवले गेले नाहीत.

यातून निघणारी कामे लहान आणि ठोस आहेत. प्रत्येक कार्यालयात, वाचनालयात, शाळेत ‘विंडोज १०’ चे जे संगणक मोडीत निघण्याच्या बेतात आहेत त्यांची नोंद व्हावी. त्यांतील एकावर आधी लिनक्स चालवून पाहावी; स्मृतिकांडीवरून, डिस्कला हात न लावता, ती तपासता येते. छपाईयंत्र चालते का, पगारपत्रक उघडते का, आडवा रफार नीट उमटतो का, हे पाहून दोष लिहून काढावेत आणि ते प्रणाली तयार करणाऱ्यांपर्यंत पोचवावेत. ज्यांना मराठी उत्तम येते पण आज्ञावली येत नाही, त्यांनी अनुवाद हाती घ्यावा. त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही, आणि अनुवाद करणारा झाशीत बसला की सांगलीत, यालाही महत्त्व नाही. शिक्षक संघटनांनी राज्य मंडळांकडे एक साधी मागणी करावी: अभ्यासक्रमात उत्पादनाचे नाव नसावे, कौशल्याचे असावे. मुलाला पत्र लिहिता यावे, तक्ता मांडता यावा. कोणत्या कंपनीच्या खिडकीतून, हे पुस्तकाने ठरवू नये.

अडचणी आहेत. काही सरकारी आणि बँकांच्या कामांना अद्याप विंडोजच लागते, काही छपाईयंत्रे हट्ट करतात, जुन्या मराठी टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. या अडचणी लपवून केलेला प्रचार महिन्याभरात उलटतो. म्हणून आरंभ एका यंत्रापासून व्हावा आणि अनुभव जमेल तसा वाढावा.

‘बॉस’ची पुढची आवृत्ती केव्हातरी जाहीर होईल. तिच्या दुरुस्त्यांच्या यादीत मराठी वापरणाऱ्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या किती, यावरून तिचे मोल ठरवावे.