बुद्धीची इर्जिक

श्रोतेहो, खेड्यात वाढलेल्या माणसाला इर्जिक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एखाद्याचे रान नांगरायचे राहिले, घरातला कर्ता माणूस आजारी पडला, की गावातले आठ-दहा नांगर एकाच दिवशी त्याच्या शेतात उतरत. मजुरी कोणी घेत नसे. घरधनी जेवण घाली, आणि जे काम त्याला एकट्याला पंधरवड्यात उरकले नसते, ते दिवस मावळायच्या आत उरके. आता ट्रॅक्टर आले आणि इर्जिक मागे पडली. पण शब्द अजून आपल्या कानांत आहे, आणि त्यामागचा अर्थही आपल्याला ठाऊक आहे.

ही झाली हातांची इर्जिक. बुद्धीची इर्जिक करता येईल काय? दहा जणांनी एका रानाला नांगर लावावा, तसे दहा जणांनी एका अवघड प्रश्नाला डोके लावावे, आणि एकाच्या डोक्याला जे झेपले नसते ते सर्वांनी मिळून तडीस न्यावे, असे काही साधन माणसाला मिळेल काय? अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट नावाच्या अभियंत्याने या एका प्रश्नापायी आपले सारे आयुष्य वेचले. १९६८ साली एका परिषदेत त्यांनी आपले उत्तर लोकांपुढे प्रत्यक्ष करून दाखवले. त्या परिषदेत काय घडले आणि आपण त्यातून काय घ्यावे, एवढेच आज आपणांस सांगायचे आहे.

प्रथम त्या माणसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. एंगेलबार्ट यांचा जन्म १९२५ सालचा, ओरेगन राज्यातला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते आरमारात रडार दुरुस्त करणारे तंत्रज्ञ होते. फिलिपाईन्समधील लेते बेटावर असताना रेड क्रॉसच्या एका लहानशा वाचनालयात त्यांच्या हाती व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाचा १९४५ सालचा एक लेख पडला. ज्ञानाचा ढीग वाढत चालला आहे, पण हवी ती गोष्ट हव्या त्या वेळी हाती लागत नाही, हे त्या लेखातले दुखणे. ते एंगेलबार्ट यांच्या मनात रुतून बसले. पुढे नोकरी लागली, लग्न ठरले, आणि मग उरलेल्या आयुष्यात करायचे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. जगापुढचे प्रश्न अधिकाधिक गुंतागुंतीचे होत आहेत आणि ते सोडवण्याची माणसांची सामुदायिक शक्ती मात्र तेवढी वाढत नाही. तेव्हा ती शक्ती वाढवणे हेच आपले काम, असे त्यांनी ठरवून टाकले.

१९६२ साली त्यांनी या विषयावर एक मोठा अहवाल लिहिला. त्यात एक गमतीचा प्रयोग आहे. त्यांनी पेन्सिल एका विटेला बांधली आणि त्या विटेसकट मजकूर लिहून पाहिला. अक्षर बिघडले आणि वेळ कितीतरी जास्त लागला. तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? पण त्यांचे म्हणणे नीट ध्यानात घ्या. जगातल्या साऱ्या पेन्सिली विटेएवढ्या जड असत्या, तर माणसाने लांब पत्रे लिहिली असती का? कच्चा मसुदा खोडून पुन्हा लिहिला असता का? म्हणजे हत्यार जड असले की नुसता हात दुखत नाही, विचारही आखडतो. आणि हे खरे असेल, तर त्याची दुसरी बाजूही खरी असली पाहिजे. हत्यार हलके केले की विचारही मोकळा होतो.

आता त्या परिषदेकडे वळू. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. सभागृहात सुमारे हजार लोक होते. त्या काळी संगणक म्हणजे खोलीएवढे यंत्र. त्याला भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यावा आणि उत्तराची वाट पाहत बसावे, ही सर्वसाधारण रीत. असा संगणक माणसाने समोर बसून चिठ्ठी-चपाटीसारखा वापरावा, ही कल्पनाच बहुतेकांना चैनीची वाटे.

एंगेलबार्ट व्यासपीठावर एका बाजूला बसले होते. समोर कळफलक, कानाला ध्वनियंत्र, आणि मागे भला मोठा पडदा. त्यांचा संगणक मात्र त्या सभागृहात नव्हताच. तो होता सुमारे तीस मैलांवर, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. चित्रे सूक्ष्म लहरींच्या दुव्याने ये-जा करत होती. बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्याने ही सारी जुळणी सांभाळली होती. उजव्या हाताखाली एक लहानशी वस्तू होती. तिचा पहिला नमुना १९६४ साली लाकडाच्या ठोकळ्याला दोन चाके बसवून केलेला. तोच आज घरोघरी ठाऊक असलेला माउस.

त्यांनी सुरुवात केली ती बाजाराच्या यादीपासून. केळी, गाजरे, सूप, ब्रेड असे घरच्या खरेदीचे जिन्नस पडद्यावर लिहिले, मग ते जातवारीने लावले, हवे तेव्हा मिटले, हवे तेव्हा उघडले. यादी शंभर ओळींची असो की हजार, नुसते मथळे पाहावेत आणि नको तो तपशील दडवावा, ही सोय त्या दिवशी लोकांनी पाहिली. एका शब्दावर खूण केली की त्याच्याशी निगडित दुसरा मजकूर पुढे येई. आज आपण ज्याला लिंक म्हणतो, ती हीच.

आणि मग कार्यक्रमाचा कळस आला. पडद्याच्या एका कोपऱ्यात मेन्लो पार्कमध्ये बसलेले त्यांचे सहकारी बिल पॅक्स्टन दिसू लागले. तीस मैलांवरचे दोघे जण एकमेकांशी बोलत होते आणि एकच मजकूर दोघांपुढे उघडा होता. याची खूण त्याला दिसे, त्याची याला दिसे. सुमारे दीड तास हे चालले, आणि शेवटी सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एकाच कागदावर दूरच्या माणसांनी एकत्र काम करण्याची जी साधने आज कचेऱ्यांत सर्रास दिसतात, त्यांचे बीज त्या दिवशी लोकांपुढे पेरले गेले.

पण श्रोतेहो, बी पेरले म्हणजे पीक हाती आले असे नव्हे, हे तुम्हांला मी काय सांगावे! पुढची हकीकत थोडी खिन्न करणारी आहे. माउसचे पेटंट १९७० साली संस्थेच्या वतीने मिळाले, एंगेलबार्ट यांना त्यातून मानधनाचा वाटा मिळाला नाही. सरकारी पैसा आटत गेला. बिल इंग्लिशसह काही सहकारी झेरॉक्स कंपनीच्या नव्या प्रयोगशाळेत गेले. तेथून माउस आणि पडद्यावरच्या खिडक्या पुढे साऱ्या जगात पसरल्या. मात्र जगाने घेतला तो माउस. मागे ठेवली ती इर्जिक. प्रत्येकाच्या टेबलावर प्रत्येकाचे स्वतंत्र यंत्र आले. एकाच लिखाणावर अनेकांनी दुरून एकत्र काम करणे सामान्य माणसाच्या हाती येण्यास आणखी कित्येक वर्षे जावी लागली. गूगल डॉक्स आले ते २००६ साली! एंगेलबार्ट यांना १९९७ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २०१३ साली ते वारले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोष साराच जगाचा नव्हता. त्यांची पद्धत शिकायला अवघड होती. डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी असे. तिच्या निरनिराळ्या कळा एकत्र दाबून अक्षरे उमटवायची. तीनचाकी सायकल शिकावी लागत नाही हे खरे, पण तिच्यावरून कोणी लांबचा पल्ला गाठत नाही, असे त्यांचे म्हणणे असे. म्हणणे खोटे नाही. पण दोन चाकांवर तोल येईपर्यंत मागून कोणीतरी सायकल धरावी लागते, आणि तो धरणारा हात फारच थोड्यांना मिळाला.

मग या साऱ्यातून आपण, खेड्यातल्या माणसांनी आणि शिक्षकांनी, काय घ्यावे? मला चार गोष्टी घेण्यासारख्या वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, हत्याराबरोबर रीतही बदलावी लागते. नुसते यंत्र आणून भागत नाही. शाळेत संगणक आला, प्रत्येक शिक्षकाच्या खिशात फोन आला. पण त्या फोनवर काय चालते? वरून परिपत्रक येते, खालून माहिती जाते, आणि मधल्यामध्ये सुप्रभातीची फुले! जुनी टपालच ती, फक्त वेग वाढला. पाच शिक्षकांनी मिळून एका धड्याचा एकच मसुदा सुधारला, असे कितीदा घडते?

दुसरी गोष्ट, आपले हत्यार आधी आपण वापरून पाहावे. एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेतले लोक आपले दररोजचे काम, टिपणे आणि अहवाल स्वतः घडवलेल्या यंत्रावरच करत. जे खुपे ते दुरुस्त करत. दुसऱ्याला शिकवण्यापूर्वी आपल्याला कोठे ठेच लागते ते पाहण्याची ही चाल शिक्षकाने तरी अवश्य उचलावी.

तिसरी गोष्ट नोंदीची. १९७० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एक जर्नल सुरू झाले. त्यात घातलेल्या प्रत्येक लिखाणाला क्रमांक पडे, ते मागाहून बदलता येत नसे, आणि पुढच्या कोणालाही त्या क्रमांकाने ते सापडे. आपल्या आवक-जावक वहीसारखेच म्हणा ना. पण या वहीत विचारांची आवक होती. आता आपल्याकडे पाहा. एखाद्या बाई आठ-दहा वर्षे खपून तिसरीच्या मुलांना वाचते करण्याची हातोटी साधतात. मग त्यांची बदली होते, आणि त्यांच्याबरोबर ती हातोटीही बसमध्ये बसून जाते. नव्या गुरुजींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे नुकसान कोणत्याही हिशेबात दिसत नाही, म्हणून ते मोठे नाही असे समजू नये. ते मुलांच्या वाट्याला येते.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एंगेलबार्ट म्हणत की प्रत्येक संस्थेत तीन थरांचे काम असते. पहिले, नेहमीचे काम. दुसरे, ते नेहमीचे काम सुधारण्याचे काम. आणि तिसरे, सुधारणा करण्याची रीत सुधारण्याचे काम. दूध संस्थेचे उदाहरण घ्या. दूध गोळा करणे हे पहिले. फॅट मोजण्याची पद्धत सुधारणे हे दुसरे. आणि आसपासच्या पाच संस्थांनी एकत्र बसून, कोणी कोणती सुधारणा केली, कोणाची फसली, का फसली, हे एकमेकांना मोकळेपणी सांगणे हे तिसरे. पहिल्या थरात चढाओढ असेना का. तिसऱ्या थरात हातमिळवणीच हवी, कारण तेथे एकाचे शहाणपण दिल्याने कमी होत नाही. केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद भरते ती खरे पाहता याच थरासाठी. तिथे नुसती सूचनांची यादी वाचून दाखवायची की एकमेकांच्या अनुभवाची नांगरट करायची, हे जमणाऱ्यांनीच ठरवायचे आहे.

यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. चांगले नेटवर्क असेल तेथे एकच सामायिक कागद फोनवर उघडावा. नसेल तेथे साधी शंभर पानी वही केंद्रातल्या शाळांतून फिरवावी. एका पानावर एकच अडचण लिहावी. खाली ज्याने जे करून पाहिले ते तारखेसह, सही करून लिहावे. फसलेले प्रयोगही लिहावेत. आधीचे कोणी खोडू नये. वर्षअखेर ती वही गावाच्या कोणत्याही छापील पुस्तकाइतकीच उपयोगी पडेल.

इर्जिकीचा एक अलिखित नियम होता. आज माझ्या रानात नांगर आले, तर उद्या माझा नांगर दुसऱ्याच्या रानात गेला पाहिजे. नुसते जेवण घालून ऋण फिटत नसे. बुद्धीच्या इर्जिकीलाही तोच नियम लागू आहे. यंत्र कितीही वेगवान होवो, बांधावरून उतरून दुसऱ्याच्या रानात पहिला नांगर कोणी घालायचा, हे काही यंत्र ठरवीत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.