ॲस्पिरिन, उंदीर आणि घरातलं बीपी

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट एका जुन्या गोळीची. ॲस्पिरिन. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीत ती शुद्ध रूपात तयार झाली. ताप, दुखणं, सूज यांवरचं औषध. मग बीपीशी तिचा काय संबंध?

आधी रक्तवाहिनी समजून घेऊ. तिचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं. त्यामुळे वाहिनी सैल राहते, रक्त आरामात वाहतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालंय. पण त्याच भिंतीत सुपरऑक्साइड नावाचा एक उपद्व्यापी रेणूही बनतो. ऑक्सिजनच, फक्त एक इलेक्ट्रॉन जास्तीचा. तो नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतो. वाहिनी आखडते, दाब चढतो.

२००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी जन्मतःच बीपी वाढत जाणाऱ्या उंदरांना ॲस्पिरिन दिली. सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम थंडावलं, आणि बीपीचं चढणंही मंदावलं. म्हणजे सूज उतरवणारी गोळी इथे अँटिऑक्सिडंटसारखी वागली.

मग उद्यापासून सुरू करायची का? थांबा! उंदीर म्हणजे आपले बाबा नव्हेत. २०१८ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे १९ हजार निरोगी वयस्कर माणसं, काहींना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. हृदयविकार काही लक्षणीय कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढले.

आणि ॲस्पिरिनची भावंडं, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, तर उलटीच चाल खेळू शकतात. ती मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिन्स अडवतात, शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांचा असरही कमी होतो.

म्हणून आज एक काम करा. घरात कुणाला बीपी असेल, तर औषधांचा डबा उघडा. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी कोणती, ते बघा. पाकिटाचा फोटो काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. हो, आणि हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी ॲस्पिरिन लिहून दिली असेल, तर हा एपिसोड ऐकून ती बंद करू नका. सुरू करणं असो की थांबवणं, दोन्ही विचारूनच.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!