स्वतःच्या घराची राखण



‘घर पाहावे बांधून’ ही म्हण जुनी आहे. परंतु आपली अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, स्वतः घेतलेल्या जागेवर उभारणाऱ्या प्रत्येकाला तिचा प्रत्यय नव्याने येतो. दुसऱ्याच्या जागेवर लेखन विनामूल्य ठेवता येते खरे, पण ती जागा मालकाच्या मर्जीची असते. १९९४ साली सुरू झालेली जिओसिटीज ही सेवा याहूने १९९९ मध्ये विकत घेतली आणि जपान वगळता सर्वत्र ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लोकांनी हौसेने सजवलेली असंख्य पाने त्याबरोबर मूळ पत्त्यावरून नाहीशी झाली.

स्वतःच्या जागेवर ब्लॉग उभारणाऱ्यांत वर्डप्रेस ही आज्ञावली विशेष लोकप्रिय आहे. अमेरिकेचे मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडचे माइक लिटल यांनी ‘बी-टू’ या जुन्या आज्ञावलीच्या आधारे ती घडविली आणि २७ मे २००३ रोजी लोकांच्या हाती दिली. ती कोणीही विनामूल्य वापरावी, वाचावी आणि बदलावी, अशी तिच्या परवान्याची अट आहे. मात्र स्वातंत्र्य मिळाले की राखणीची जबाबदारीही अंगावर येते. अनेक संस्थांत पहिली चूक येथेच होते. संकेतस्थळाचे नाव एखादा उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या नावे नोंदवतो. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहते आणि संस्थेचा पत्ता हातचा जातो. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे असावी आणि मुदतीची तारीख दोघांच्या तरी लक्षात असावी.

आता सजावटीविषयी. संकेतस्थळाचे रूप ‘थीम’ ठरवते. मूळ थीमच्या फायलींत थेट फेरफार केला, तर थीमची पुढील आवृत्ती येताच तो पुसला जातो. त्यासाठी ‘चाइल्ड थीम’ करून आपले बदल तिच्यात वेगळे ठेवावेत. मराठी लेखकाने आणखी एक पथ्य पाळावे. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडविलेल्या असतात. त्यांत अक्षरांमधील अंतर वाढवलेले असेल तर देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि ओळी दाट असतील तर मात्रा व उकार एकमेकांत अडकतात. अक्षरांतील अंतर शून्यावर आणावे, ओळींतील अंतर वाढवावे आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेल्या ‘मुक्ता’सारखा युनिकोड टंक घ्यावा. वाचकाच्या डोळ्यांना त्याने विसावा मिळतो.

सुरक्षेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एप्रिल २०१३ मध्ये जगभरातील वर्डप्रेस संकेतस्थळांवर यंत्रांच्या टोळ्यांनी हल्ला चढविला. ‘अ‍ॅडमिन’ हे सर्वपरिचित नाव वापरून परवलीचे शब्द एकामागून एक अजमावले जात होते. पुढे २०१७ साली ४.७ या आवृत्तीत एक दोष आढळला. त्यामुळे परक्याला कुणाच्याही लेखाचा मजकूर बदलता येत होता. दुरुस्त आवृत्ती २६ जानेवारीला आली आणि दोष १ फेब्रुवारीला जाहीर झाला. दरम्यान ज्यांनी नवी आवृत्ती घेतली, ते वाचले. ज्यांनी टाळाटाळ केली, त्यांची लाखो पाने विद्रूप झाली. औषध घरात असून न घेण्याचाच हा प्रकार!

यावरून उपाय स्पष्ट होतात. आवृत्ती अद्ययावत ठेवावी. परवलीचा शब्द लांब असावा व अन्यत्र वापरू नये. जोडीला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असावी. केवळ लिहिणाऱ्याला लेखकाचेच अधिकार द्यावेत, प्रशासकाचे नव्हेत. वापरात नसलेली ‘प्लगइन’ काढून टाकावीत आणि सशुल्क वस्तूच्या चोरट्या फुकट प्रती घेऊ नयेत; अशा प्रतींतून चोरवाटा आत येतात.

एवढे करूनही आपत्ती येऊ शकते. त्या वेळी तारते ती राखीव प्रत. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. फायलींच्या नुसत्या नकलेत छायाचित्रे आणि थीम येतात; लेखांचा मजकूर मात्र डेटाबेसमध्ये असतो. दोन्हींची प्रत हवी. ती त्याच सर्व्हरवर न ठेवता घरच्या डिस्कवर ठेवावी आणि अधूनमधून ती उघडते का, हे तपासावे.

मदत मागण्याचीही एक रीत आहे. वर्डप्रेसच्या अधिकृत साहाय्य विभागात उत्तरे देणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. ‘संकेतस्थळ चालत नाही’ एवढेच लिहिले तर त्यांना काहीच उमगत नाही. प्रथम सर्व प्लगइन थांबवून एकेक सुरू करून पाहावे. बहुधा दोषी तेथेच सापडते. न सापडल्यास आवृत्ती, बिघाडापूर्वी केलेला शेवटचा बदल आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा कळवावा. परवलीचा शब्द मात्र कोणालाही सांगू नये. आणि उत्तर सापडले की ते लिहून ठेवावे. पुढच्याची वाट सोपी होते.

दहा वर्षांचे लेखन, गावाचा लिहून ठेवलेला इतिहास, दिवंगत शिक्षकांच्या आठवणी, असा ठेवा ज्या जागेवर साठतो, तिच्यासाठी महिन्यातून एक तास राखून ठेवणे ही फार मोठी किंमत नव्हे.