एका वेळी एकच फरक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत मुलामुलींच्या या कौतुकाच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. परंतु सहावी-सातवीच्या मुलांस विज्ञान शिकविण्यात आमचे उभे आयुष्य गेले. तेव्हा मोठमोठ्या शोधांची कथा न सांगता, त्या वयाच्या मुलास प्रयोग कसा करावयास शिकवावे आणि त्या शिकवणीचा आपल्या घराशी काय संबंध पोहोचतो, एवढाच विषय आम्ही घेत आहोत.

शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरावयाचे ठरले की पालक बाजारात जातात. तेथे तयार ज्वालामुखी मिळतो, तयार पवनचक्की मिळते. मूल ती टेबलावर मांडते व पाठ केलेली माहिती म्हणून दाखविते. यात पैसा खर्च होतो. प्रयोग मात्र होत नाही. प्रयोग म्हणजे निसर्गास विचारलेला प्रश्न होय. आणि तो अशा रीतीने विचारावा लागतो की, उत्तराचे दोन अर्थ निघू नयेत.

आमच्या वर्गातील एक उदाहरण घ्या. एका विद्यार्थ्याने ओल्या कापसावर मूग पसरून एक वाटी कपाटात व दुसरी खिडकीत उन्हात ठेवली. कपाटातील मुगांस मोड आले, खिडकीतील मुगांस आले नाहीत. त्याने निष्कर्ष काढला की, मोड येण्यास अंधार लागतो. आम्ही त्यास खिडकीतील कापूस चाचपून पाहावयास सांगितले. तो केव्हाच कोरडा पडला होता! म्हणजे दोन वाट्यांत फरक एक नव्हता, दोन होते: उजेडाचा आणि पाण्याचा. मोड अडले ते कोणामुळे, हे त्या प्रयोगावरून सांगता येणे शक्यच नव्हते. मग त्याने दोन्ही वाट्यांत वीस-वीस मूग घातले, एक उजेडात पण उन्हाबाहेर ठेवली, दोन्हींचा कापूस सारखाच ओला राखला आणि रोज मोड मोजले. या वेळी मोड दोन्हीकडे आले. पुढे अंधारातील रोपे लांब, पिवळट व लेचीपेची निघाली, उजेडातील हिरवी व ठेंगणी राहिली. वीस दाणे अशासाठी की, एखादा दाणा मुळातच किडका निघाला तरी निर्णय चुकू नये.

यातच प्रयोगाचे सारे शास्त्र आले. आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल. त्यामुळे जे बदलते व आपण मोजतो ते अवलंबी चल. आणि जे जाणूनबुजून सारखे ठेवतो ते नियंत्रित घटक. मुलांस या व्याख्या पाठ येतात. पण नियंत्रित घटक कोणते हे स्वतः शोधून काढणे, हीच खरी परीक्षा असते.

लंबकाचा प्रयोग तर बिनखर्चाचा आहे. दोऱ्यास दगड बांधून टांगावा व दहा हेलकाव्यांस लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. एकच हेलकावा मोजल्यास बोटाच्या घाईने चूक मोठी होते. दहा मोजल्याने ती विभागली जाते. दोरा २५ सेंटिमीटर असता सुमारे १० सेकंद लागतात. तोच १०० सेंटिमीटर केला असता सुमारे २०. लांबी चौपट, वेळ दुप्पट! दगड जड घेतला तरी वेळ बदलत नाही. मात्र मोठ्या दगडाचा मध्य खाली जातो आणि लांबी नकळत वाढते. म्हणून लांबी दगडाच्या मध्यापर्यंत मोजावी. हेलकावाही दर वेळी लहानच द्यावा. न सांगता बदलणारी गोष्ट हेरणे, ही दृष्टी या वयात आली तर ती जन्मभर पुरते.

या दृष्टीने माणसांचे प्राणही वाचले आहेत. पूर्वी लांबच्या जलप्रवासात खलाशांस स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, अंगातील बळ जाई. १७४७ साली ब्रिटिश आरमारातील वैद्य जेम्स लिंड यांनी ‘सॅलिसबरी’ जहाजावर शक्य तितके सारख्या अवस्थेतील बारा रोगी निवडले, त्यांस एकाच जागी ठेवले आणि रोजचे अन्न एकच दिले. मग त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपाय योजला. संत्री व लिंबू मिळालेल्या जोडीस ठळक गुण आला. त्यांतील एक सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला. लिंड यांचा ग्रंथ १७५३ साली निघाला. पण आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्याचे ठरविले ते १७९५ साली. सत्य सापडणे एक आणि ते मानले जाणे दुसरे, हेही यावरून ध्यानी यावे.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते कदाचित काहींस कडू लागेल. वयाचा मान ठेवून ते ऐकून घ्यावे. आपल्या अनेक घरांत अजून असे म्हटले जाते की, मुलगा हुशार आहे, मुलीचे डोके शास्त्रगणितात चालत नाही. आम्ही विचारतो, ही तुलना कोणत्या प्रयोगावरून केली? मुलास शिकवणी, मुलास टेबल व दिवा, परीक्षेच्या दिवसांत त्यास कोणी हाक मारावयाची नाही. मुलीने मात्र धाकट्या भावंडास सांभाळावे, पोळ्या लाटाव्यात आणि उरल्या वेळात पुस्तक उघडावे. येथे फरक एक नाही, पाच-सहा आहेत. आणि निकालाचा सारा दोष आपण तिच्या बुद्धीवर ठेवतो. ही खिडकीतील कोरडी वाटीच नव्हे काय? परिस्थिती सारखी केल्यावर दोघांस गुण सारखेच पडतील, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती सारखी केल्यावाचून निर्णय देण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. आणि ज्या मुलीचे शिक्षण अशा निर्णयाने थांबले, तिच्या बाबतीत प्रयोग पुन्हा मांडता येत नाही.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. विज्ञानाचे पारितोषिक विकतच्या मांडणीस न देता प्रयोगवहीस द्यावे. वहीत प्रश्न काय, बदलले काय, सारखे ठेवले काय, मोजले काय आणि किती वेळा, एवढे मुलाच्या अगर मुलीच्या स्वतःच्या अक्षरात असावे. अपेक्षेविरुद्ध उत्तर आले म्हणून गुण कापू नयेत. प्रामाणिकपणे लिहिलेले ‘फरक पडला नाही’ हेही ज्ञानच होय. पालकांनी दोन वाट्या, मूठभर मूग आणि घरातील प्रत्येक मुलामुलीस अभ्यासाचा सारखा तास, एवढे द्यावे. मंडळाच्या तिजोरीवर याचा भार पडणार नाही.